करवंटीचा डवला: विकण्याजोगा कसा करायचा आणि किंमत कशी धरायची

सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी फळं रंगावर खपतात. डवल्याला, म्हणजे करवंटीच्या लांब दांड्याच्या पळीला, रंग नसतो, त्यामुळे गिऱ्हाईक आधी कडेवरून बोट फिरवतं.

पक्क्या, सुक्या नारळाची करवंटी घ्या. शहाळ्याची वाळताना वेडीवाकडी होते. कोयत्याने फोडू नका. रबरबँड लावून पेन्सिलीने रेघ मारा आणि हॅक्सॉ ब्लेडने कापा. डोळे नसलेली बाजू डवल्याला, डोळ्यांची बाजू पणतीला. आतलं खोबरं पूर्ण काढा; थोडंही राहिलं की मुंग्या येतात, पावसाळ्यात बुरशी धरते. रिकामी करवंटी कडक उन्हात टाकली की तडकते, म्हणून सावलीतच वाळवा.

बाहेरची सोडणं, म्हणजे चिकटलेले काथ्याचे धागे, ब्लेडच्या पाठीने खरवडा. मग पॉलिश पेपर ८०, १२०, २२० आणि शेवटी ४०० नंबर, याच क्रमाने. मधला नंबर गाळलात तर ८० चे ओरखडे तेल लावल्यावर उठून दिसतात. धूळ बारीक असते, मास्क लावा.

दांड्याला माणगा बांबू बरा, कारण तो जवळजवळ भरीव असतो. मात्र तो पूर्ण वाळलेला हवा. ओला दांडा आज घट्ट बसतो आणि महिन्याभरात आकसून खुळखुळतो. परत येणाऱ्या डवल्यांचं हेच मोठं कारण. कडेखाली बोटभर अंतरावर समोरासमोर दोन भोकं पाडा, ती दांड्यापेक्षा किंचित लहान ठेवा. निमुळता केलेला दांडा आरपार ठोकून बसवा. गोंद नको, गरम आमटीत तो सुटतो. व्हार्निशही नको, खोबरेल चोळा, तासाभराने पुसून काढा.

आता किंमत. करवंटी फुकटची म्हणून डवला पन्नासाला देणारे पुष्कळ, पण खरा खर्च घासण्याचा. समजा बांबू, पेपर, वेष्टन मिळून ३० रुपये. पाऊण तास काम, तासाला ८० धरून ६० रुपये. दहातला एक तडकतो, त्याचे १०. झाले १००. मालवणचा दुकानदार विक्रीच्या किमतीत ४० टक्के मागत असेल तर १०० ला ०.६ ने भागा: १६७, म्हणजे १७०. तारकर्लीला स्वतःच्या स्टॉलवरही १७० च ठेवा. तिथे ११० ला विकलात तर दुकानदार पुढची ऑर्डर देणार नाही.

चिठ्ठीवर गावाचं नाव आणि ‘रात्रभर पाण्यात भिजत ठेवू नये’ एवढं लिहा. सरकारी हस्तकला प्रदर्शनात स्टॉल हवा असेल तर केंद्राच्या हस्तशिल्प विभागाचं ‘पहचान’ कारागीर ओळखपत्र आधीच काढून ठेवा.