तुशेतीची खिंकाली: कृती आणि पंगतीची रीत

जॉर्जियाच्या ईशान्य कोपऱ्यात, कॉकेशस पर्वतात वसलेल्या तुशेतीला जायचे तर २,८०० मीटरांहून उंच असलेली अबानोची खिंड ओलांडावी लागते आणि हिवाळ्यात ती बर्फाने बंद असते. त्यामुळे मेंढपाळ कळप घेऊन उन्हाळ्यात वर येतात, शरदात खाली उतरतात आणि गावाची मोठी पंगत त्या मधल्या दिवसांतच बसते. ईस्टरनंतर सुमारे १०० दिवसांनी येणाऱ्या अतनिगेनोबा या सणात 'शुल्टा' म्हणजे यजमान तांब्याच्या मोठ्या हंड्यात जव आणि हॉपच्या फुलांची बिअर करतो, मेंढा कापला जातो आणि सारे गाव एकत्र जेवते. तुशेतीत डुकराचे मांस निषिद्ध आहे, म्हणून त्यांची खिंकाली, म्हणजे खिम्याचे सारण भरून उकळत्या पाण्यात शिजवलेले मोदकासारखे पदार्थ, घरी करताना हा नियम आपणही पाळावा.

सात-आठ जणांसाठी १ किलो मैदा, दोन चमचे मीठ आणि साधारण ४५० मिली थंड पाणी घेऊन पीठ घट्ट मळावे, चांगले तिंबावे आणि ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवावे. १ किलो मटणाच्या खिम्यात, चरबी काढून न टाकता, दोन बारीक चिरलेले कांदे, मीठ, मिरपूड, भरडलेली सुकी मिरची आणि थोडे शहाजिरे घालावे. कोथिंबीर घालू नये. ती शहरी खिंकालीत शोभते, डोंगरातल्या नव्हे.

यापुढची पायरी मात्र मुळीच गाळू नये. खिम्यात ३५० मिली पाणी थोडे थोडे ओतत, प्रत्येक वेळी ते पूर्ण जिरेपर्यंत हाताने कालवत राहावे, कारण शिजताना हेच पाणी मांसाचा रस आणि वितळलेली चरबी घेऊन पारीच्या आत रस्सा होऊन साठते. सारण सैल झाल्यासारखे वाटते, पण घाबरून पाणी कमी करू नये.

सुमारे १२ सेंटीमीटरची पारी लाटावी. मध्ये किंचित जाड, कडेला पातळ. सारण ठेवून उकडीच्या मोदकासारख्या कळ्या पाडाव्यात. १८-१९ पडल्या तर उत्तम, परंतु संख्येपेक्षा तोंड घट्ट मिटणे महत्त्वाचे. वरचा देठ चिमटीत धरता येईल इतका जाड राहू द्यावा. मोठ्या पातेल्यात मिठाच्या पाण्याला खळखळून उकळी आणून एकेक खिंकाली सोडावी, तळाला चिकटू नये म्हणून लाकडी पळीच्या पाठीने हलकेच फिरवावे आणि आठ-दहा मिनिटे शिजवावे.

वर मिरपूड भुरभुरून लगेच वाढावे. काटा-चमचा ठेवू नये, कारण टोचताच रस्सा ताटात सांडतो. देठ धरून खिंकाली उलटी करावी, बाजूला लहानसा घास घेऊन आधी आतला रस्सा ओढून प्यावा, मग उरलेली खावी. देठ ताटात ठेवायचा असतो. कोणी किती खाल्ल्या हे त्यावरूनच मोजतात. उरलेल्या खिंकाली दुसऱ्या दिवशी लोण्यात परताव्यात.