ग्रह नऊ, ग्रह आठ

बी.एस्सी.ला गणित करून मी एम.ए.ला तत्त्वज्ञान घेतलं, तेव्हा मामा म्हणाला, "आता प्रवचनं करणार का?" तत्त्वमीमांसा (मुळात काय अस्तित्वात आहे याचा विचार) आणि तर्कशास्त्राच्या वाटेला जाणाऱ्या कुणालाच हा प्रश्न चुकत नाही. उत्तर देत बसू नका.

पहिल्या सेमिनारला माझ्या वाट्याला अमेरिकन तत्त्वज्ञ क्वाइनचं 1940च्या दशकातलं कोडं आलं. नऊ ही संख्या सातपेक्षा मोठी असणं अनिवार्य. ग्रहांची संख्या नऊ. मग ग्रहांची संख्या सातपेक्षा मोठी असणंही अनिवार्य? ग्रह पाचच असते तर? (2006 मध्ये प्लूटो यादीतून गेला, आठ उरले, कोडं एका ग्रहाने वाचलं.) क्वाइनला यामुळे 'अनिवार्य', 'शक्य' यांचं तर्कशास्त्र, म्हणजे मोडल लॉजिकच संशयास्पद वाटलं.

दोन आठवडे मी "गणितात असं होत नाही" एवढंच म्हणत होतो. मग मॅडमनी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. 'ग्रहांची संख्या, जी काही असेल ती, सातपेक्षा मोठी असणं अनिवार्य आहे.' खोटं. 'आज ग्रहांची जी संख्या आहे, तिचं सातपेक्षा मोठं असणं अनिवार्य आहे.' खरं, कारण ती संख्या म्हणजे आठ. 'अनिवार्य'चा पल्ला कुठपासून कुठपर्यंत, एवढाच काय तो फरक. 1970 मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ क्रिपकीने हातात टिपणं न घेता तीन व्याख्यानं दिली. नाव ('आठ') प्रत्येक शक्य जगात, म्हणजे गोष्टी जशा असू शकल्या असत्या अशा प्रत्येक स्थितीत, त्याच वस्तूकडे बोट दाखवतं, वर्णन ('ग्रहांची संख्या') मात्र जगागणिक वेगळ्या वस्तूला लागू पडू शकतं, हे त्यांत वाचलं तेव्हा फळ्यावरची वाक्यं मला खरी कळली.

म्हणून आधी दोन-तीन महिने विधेय तर्कशास्त्राच्या ('सर्व', 'काही' असलेल्या वाक्यांच्या तर्कशास्त्राच्या) सिद्धता हाताने लिहा. नुसत्या वाचून येत नाहीत. नेटचा, म्हणजे प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेचा, अभ्यास वेगळा ठेवा: तीन तासांत 150 बहुपर्यायी प्रश्न, तिथे पाठांतर लागतं. भारतीय तर्कपरंपरेतलं न्यायदर्शन मी केवळ नेटपुरतं उघडलं होतं. व्याप्तीच्या ('जिथे धूर तिथे अग्नी' अशा अटळ संबंधाच्या) चर्चेत आठवडाभर अडकलो, त्याचं वाईट वाटत नाही.

क्रिपकीचा मोडल लॉजिकवरचा निबंध 1959 मध्ये छापून आला, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. हे कळल्यावर मी आठ दिवस वही उघडली नव्हती.

सध्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात एका 'जर-तर'वर चौदा पानं झाली आहेत. गाइड म्हणतात, त्या वाक्याचा अजून एक अर्थ सुटलाय.