विकतचे स्ट्रीम आणि चवथीची घाई : या चुका टाळा

श्रावण लागला की चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, तयारीत गोव्यातल्या स्टुडिओंना उसंत नसते. कुणाची घुमट (मातीचं चर्मवाद्य) वाजवून म्हटलेली आरती, कुणाचं भजन. रेकॉर्डिंगवर दोन महिने जातात आणि गाणं लोकांपर्यंत पोचवायला उरतात आठ दिवस. नेमका तेव्हाच इन्स्टाग्रामवर मेसेज येतो : "दादा, १०,००० स्ट्रीम, शंभर टक्के ऑरगॅनिक, गॅरंटी." स्ट्रीम म्हणजे स्पॉटिफायसारख्या ॲपवर गाणं एकदा वाजणं, आणि ऑरगॅनिक म्हणजे ते माणसानं आपणहून ऐकलेलं. ऑरगॅनिक हा शब्द भाजीला ठीक आहे. गॅरंटी देऊन विकलेला स्ट्रीम ऑरगॅनिक नसतो.

प्लेलिस्टमधली जागा विकत घेणं

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. "आम्ही स्ट्रीम घेतले नाहीत, फक्त प्लेलिस्टचे पैसे दिले" असं सांगणारे स्वतःला सोवळ्यातले समजतात. विकणारा तुमचं गाणं आपल्या यादीत घालतो आणि त्या यादीवर बॉट, म्हणजे आपोआप गाणी वाजवणारे प्रोग्राम, सोडतो. तुम्हाला यादी दिसते, बॉट दिसत नाहीत. शिवाय स्पॉटिफायच्या नियमांत प्लेलिस्टमधली जागा विकायला मुळातच मनाई आहे.

डिचोलीकडचं एखादं भजनी मंडळ डोळ्यांसमोर आणा. पहिले तीन दिवस रोज चाळीस-पन्नास स्ट्रीम : पुणे, मुंबई, कोल्हापूर, थोडं दुबई. चौथ्या दिवशी एकदम ३,०००. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्क्रीनशॉट फिरतो, हात जोडलेल्या इमोजींचा पाऊस पडतो. शहरांची यादी मात्र कुणी उघडत नाही. तिथं सर्वांत वर ॲशबर्न. हे अमेरिकेच्या व्हर्जिनियातलं गाव, डेटा सेंटरांनी भरलेलं. आरतीतल्या शामेळ आणि कासाळे या वाद्यांवर तिथं अचानक कुणाचा जीव जडला असेल, असं मानायचं तर माना. ज्या यादीतून हे स्ट्रीम आले तिच्यात आरतीच्या आधी जर्मन रॅप आणि नंतर झोपेचा पियानो. ३,००० स्ट्रीमवर गाणं सेव्ह करून ठेवणारे चार. विसर्जनापर्यंत आकडा पुन्हा चाळीसवर येतो आणि पुढं कधीतरी डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे गाणं ॲपवर चढवून देणाऱ्या कंपनीची, मेल.

त्या मेलमागचा हिशोब असा. २०२४ पासून एखाद्या गाण्याचे ९० टक्क्यांहून जास्त स्ट्रीम कृत्रिम निघाले, तर स्पॉटिफाय लेबलला किंवा डिस्ट्रिब्युटरला त्या गाण्यामागं महिन्याला १० युरो दंड लावतं. बरेच डिस्ट्रिब्युटर तो कलाकाराच्या खात्यातून वळता करतात किंवा गाणंच उतरवतात. खोटे स्ट्रीम आकड्यातून वजा होतात, त्यांचे पैसे मिळत नाहीत. पैसे तुम्ही दिले की मावसभावानं, याच्याशी यंत्रणेला काही देणंघेणं नसतं. दंडाहूनही वाईट म्हणजे तुमच्या गाण्याचा श्रोता कोण, हे अल्गोरिदम याच ऐकण्यावरून शिकतो. जर्मन रॅपच्या शेजारी बसवलेली आरती तो पेडण्यातल्या माणसाला का सुचवेल?

दुसरा मोह १,००० चा. मागच्या १२ महिन्यांत १,००० स्ट्रीम झाल्याशिवाय गाण्याला स्पॉटिफायवर रॉयल्टी नाही, म्हणून काहीजण तेवढेच विकत घेतात. पण वेगवेगळ्या श्रोत्यांचीही किमान संख्या लागते आणि ती जाहीर केलेली नाही. विकतच्या हजारानं हा उंबरठा ओलांडता येत नाही.

"आपण एवढे छोटे, कोण बघतंय?" २०२४ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या एका माणसावर अमेरिकेत खटला भरला गेला. एआयनं बनवलेल्या लाखो गाण्यांवर त्यानं बॉटचे स्ट्रीम पातळ पसरवले, जेणेकरून एकही गाणं उठून दिसू नये, आणि १ कोटी डॉलरहून जास्त रॉयल्टी लाटली, असा आरोप होता. तोही सापडला. तुमचं तर एकच गाणं आणि त्यावर एकच उंच सुळका.

दहा फोन, एक वायफाय

मंडळातली पोरं रात्री दहा फोन आवाज बंद करून लूपवर लावतात. हौस समजते, पण हेही कृत्रिमच. ३० सेकंद वाजलं की स्ट्रीम मोजला जातो एवढंच त्यांनी ऐकलेलं असतं. एका जागेवरून, रात्रभर, तेच एक गाणं वाजत राहिलं की ते माणसाचं ऐकणं वाटत नाही. त्यापेक्षा त्या दहाजणांनी गाणं सेव्ह करावं आणि आपल्या यादीत घालावं.

सोमवारची दहा मिनिटं

दर सोमवारी स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स (कलाकाराला आपल्या गाण्याचे आकडे दाखवणारं ॲप) उघडा. आधी प्लेलिस्ट, मग शहरं, मग सेव्ह, याच क्रमानं. स्ट्रीमला श्रोत्यांच्या संख्येनं भागा. नव्या गाण्याला दीड ते तीन आलं तर ठीक. तीस आलं तर कुणीतरी यंत्र लावलंय. प्रत्येक खात्यानं एकदाच ऐकलं आणि सेव्ह जवळजवळ शून्य, तर तेही संशयास्पद. गोव्यातले श्रोते मुंबई-पुण्यात दिसले म्हणून घाबरू नका. आपलं टेलिकॉम सर्कल महाराष्ट्राबरोबर एकत्र आहे, मोबाईल डेटाचा पत्ता तिकडचा लागू शकतो. एक जोडतपासणी : स्पॉटिफायवर उडी, पण यूट्यूब आणि शझाम (गाणं ओळखणारं ॲप) जागच्या जागी, तर ती उडी खोटी धरावी.

झालंच असेल तर

न सांगता कुणीतरी गाणं अशा यादीत घालतं, हेही होतं. गाणं घाईनं उतरवू नका. यादीचं नाव, लिंक, तारीख आणि शहरांचे स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढा. स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्समधून यादीची तक्रार करा. डिस्ट्रिब्युटरची मेल यायच्या आधी तुमची मेल त्याच्याकडं गेलेली असावी. चालू असलेली सगळी विकतची प्रसिद्धी थांबवा, पावत्या जपा. उतरवलेलं गाणं नवा आयएसआरसी (रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) घेऊन दुसऱ्या डिस्ट्रिब्युटरकडून गुपचूप चढवणं हा मूर्खपणा आहे.

बाकी किरकोळ. खात्याचा पासवर्ड प्रमोटरला देऊ नका. "रोबोट नाही, खरी माणसं" असं जो आपणहून सांगतो, त्याला ब्लॉक करा.

जाहिरात करायचीच तर मेटावर (फेसबुक-इन्स्टाग्रामवर) स्वतः करा : दिवसाला २०० रुपये, भाग गोवा, सिंधुदुर्ग, बेळगाव, कोल्हापूर आणि ऑडियन्स नेटवर्क (मेटाबाहेरच्या ॲपवर जाहिरात दाखवण्याचा पर्याय) बंद. तिथले स्वस्त क्लिक बरेचदा फुकट जातात. स्पॉटिफायच्या प्लेलिस्ट एडिटरांकडं गाणं पाठवायला, म्हणजे पिच करायला, पैसे लागत नाहीत. प्रसिद्धीच्या किमान ७ दिवस आधी पिच केलं तर ते तुमच्या फॉलोअरांच्या रिलीज रडार या नव्या गाण्यांच्या यादीतही जातं. सात दिवस म्हणजे अगदी काठावर, चार आठवडे धरा. चवथीची आरती श्रावण लागायच्या आत डिस्ट्रिब्युटरकडं गेलेली असावी, मग माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची मांडणी) बांधायच्या दिवशी प्रमोटर शोधत बसावं लागत नाही.