कालपर्यंत चालणारा ड्रायव्हर आज का बिघडला? गिटच्या इतिहासातून शोध

महापे, रबाळे किंवा वागळे इस्टेटमधल्या बोर्ड बनवणाऱ्या कंपनीत नवा इंजिनिअर रुजू झाला की एक काम लवकरच त्याच्या गळ्यात पडतं. लिनक्स कर्नल ६.५ वर बोर्डाचा इथरनेट पोर्ट नीट चालत होता, ६.६ टाकला आणि लिंकच येईना, "बघ जरा." अशा वेळी बहुतेक जण पोर्ट चालवणाऱ्या ड्रायव्हरचा कोड पहिल्या ओळीपासून वाचायला बसतात. अनोळखी ड्रायव्हर वाचून चूक सापडेलच असं नाही. शिवाय दोष पुष्कळदा त्या ड्रायव्हरमध्ये नसतोच. क्लॉक, रेग्युलेटर, पिनकंट्रोल किंवा पीएचवायच्या (केबलशी जोडणाऱ्या चिपच्या) सामायिक कोडमध्ये झालेल्या बदलाचा फटका त्याला बसलेला असतो.

म्हणून बायसेक्ट. कोडमधला प्रत्येक बदल 'कमिट' म्हणून नोंदवणाऱ्या गिटमधली ही शोधाची सोय. कर्नलच्या दोन सलग आवृत्त्यांमध्ये साधारण दहा ते पंधरा हजार कमिट असतात. दर वेळी मधला कमिट तपासून अर्धे बाद करत गेलं, तर चौदाएक बिल्डमध्ये (कोडपासून कर्नल बनवण्याच्या फेऱ्यांत) नेमका कमिट हाती लागतो. आदेश मोजकेच: गिट बायसेक्ट स्टार्ट, बिघडलेल्या आवृत्तीला बॅड, चालणाऱ्या आवृत्तीला गुड. फक्त 'डेप्थ १' देऊन उरकलेला क्लोन (कोडची प्रत) इथे उपयोगाचा नाही, त्यात इतिहासच नसतो. संशय आहे म्हणून शोध एकाच ड्रायव्हरच्या फोल्डरपुरता मर्यादित करण्याचा मोहही टाळा. चार-पाच बिल्ड वाचतात, पण दोष फोल्डरबाहेर असेल तर गिट तितक्याच ठामपणे भलत्याच कमिटकडे बोट दाखवतं.

मशिनचं काम मशिन करतं. माणसाच्या वाट्याला येतो तो एकच प्रश्न: हा बिल्ड चांगला की वाईट? सगळी गडबड तिथेच होते.

आधी कोड जराही न हलवता दोन्ही टोकं स्वतःच्या बोर्डावर, स्वतःच्या हाताने तपासा. केबल तीच, स्विचचा पोर्ट तोच. ६.५ खरंच चालतो आणि ६.६ खरंच अडतो, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही. खाडीकाठच्या दमट हवेत कनेक्टरच्या पिना खराब होतात, आणि पावसाळ्यात 'कर्नलचा बग' केबल बदलल्यावर गायब झाला तर नवल वाटून घेऊ नका.

दुसरी गोष्ट, बोर्ड थंड बूट करा, म्हणजे वीज पूर्ण तोडून मगच चालू करा. नुसतं रीबूट केलं तर पीएचवाय चिपमध्ये आधीच्या कर्नलने लिहिलेली रजिस्टरं तशीच राहू शकतात आणि वाईट बिल्ड चांगला वाटतो. पॉवर काढून थोडं थांबा. सिरियल केबलही काढा, कारण तिच्या टीएक्स पिनमधून काही बोर्डांना एवढी वीज मिळत राहते की चिप पुरती बंदच होत नाही. (लॅमिंग्टन रोडवरून केबल आणताना ती ३.३ व्होल्टची आहे ना, हे पाहून घ्या. ५ व्होल्टने बोर्डाच्या सिरियल पोर्टची (यूआर्टची) पिन जळू शकते.) टीएफटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून कर्नल आणून, बूट करण्यातही तोच धोका. कर्नलच्या आधी चालणारं यू-बूट (बूटलोडर) कर्नल ओढण्यासाठी इथरनेट स्वतः चालू करतं, आणि कर्नलकडून राहून गेलेलं रीसेट त्याने आधीच उरकलेलं असतं. इथरनेटचा बग शोधताना एसडी कार्डवरूनच बूट करा.

तिसरी, डिव्हाइस ट्री, म्हणजे बोर्डावर कोणतं हार्डवेअर कुठे आहे हे कर्नलला सांगणारी यादी. दर पायरीला नुसती कर्नल इमेज बदलली आणि त्या यादीची डीटीबी फाइल जुनीच राहिली, तर तपासताय काय याचाच पत्ता राहत नाही. इमेज, डीटीबी आणि मॉड्यूल्स हे तिन्ही एकाच कमिटचे हवेत. बूट झाल्यावर यूनेम -आर चालवून कमिटचा हॅश (ओळख-क्रमांक) जुळतो का बघा. त्यासाठी कर्नलच्या कॉन्फिगमध्ये (बिल्डचे पर्याय असलेल्या फाइलमध्ये) लोकलव्हर्जन-ऑटो चालू ठेवा. कार्डात जागा संपल्यामुळे नवा कर्नल कॉपीच झाला नाही आणि जुनाच तपासला गेला, हे नेहमीचं आहे.

कॉन्फिग फाइलची मूळ प्रत बाजूला ठेवा आणि दर पायरीला तीच आणून मेक ओल्डडेफकॉन्फिग करा. मागच्या पायरीची पुढे नेली, तर जुन्या कमिटमध्ये नसलेले पर्याय गळतात आणि पुढे परत येत नाहीत. लॅपटॉपच्या ड्रायव्हरसाठी लोकलमॉडकॉन्फिग वापरून बिल्डचा वेळ पुष्कळ कमी होतो. मात्र त्याआधी सगळी उपकरणं जोडा, कारण त्या क्षणी लोड नसलेलं मॉड्यूल ते वगळतं. मग 'उपकरण सापडत नाही' हाच बग वाटतो.

बग अधूनमधून येणारा असेल तर संयम लागतो. दर दहात तीनदा येत असेल, तर एकदा बूट करून 'गुड' म्हणणं म्हणजे शुद्ध जुगार. सलग दहा बूट निर्दोष गेले तरी फसण्याची शक्यता सुमारे ३ टक्के उरते. 'बॅड' एका दर्शनाने ठरतं, 'गुड'ला अनेक बूट द्यावे लागतात. एक चुकीचं 'गुड' पडलं की पुढच्या सगळ्या पायऱ्या वाया. तरी बायसेक्ट लॉग फाइलमध्ये जपला असेल, तर चुकलेली ओळ आणि तिच्यानंतरच्या ओळी काढून रीप्ले करता येतो.

बिल्डच फुटला, तर तो 'बॅड' नव्हे, 'स्किप'. बायसेक्ट रन वापरून स्क्रिप्ट लावताना इथे हमखास घसरायला होतं: मेक अडलं की २ हा कोड परत देतं, आणि गिट त्याला 'बॅड' समजतं. बिल्ड अडल्यास स्क्रिप्टने १२५ द्यायला हवा. मध्येच आवृत्ती ६.५-आरसी१ दिसली तर घाबरू नका. ती शाखा तिथून फुटलेली असते.

कमिट सापडला की तो ६.६ वर रिव्हर्ट करून, म्हणजे तेवढाच बदल मागे घेऊन, बोर्ड पुन्हा तपासा. लिंक आली तरच शोध खरा. रिव्हर्ट लागत नसेल, तर तो कमिट आणि त्याचा लगेच आधीचा कमिट असे दोन बिल्ड पुन्हा करून फरक पक्का करा. आता गिट शो करून बदल वाचा. हजारो ओळींच्या जागी बहुधा वीस-पंचवीसच असतात.

कळवताना गेट-मेंटेनर स्क्रिप्ट त्या पॅचवर चालवून तो कोड सांभाळणारी माणसं (मेंटेनर) शोधा. मेलमध्ये हॅशची पहिली १२ अक्षरं, कमिटचं शीर्षक, बायसेक्ट लॉग, दोन्ही कर्नलचे डीमेसेज (कर्नलने छापलेले संदेश) आणि बोर्डाचं नाव द्या, आणि रिव्हर्टने काय झालं तेही लिहा. मेल साध्या टेक्स्टमध्येच पाठवा, एचटीएमएल मेल कर्नलच्या मेलिंग लिस्ट परत लावतात. मेंटेनरने दुरुस्तीचा पॅच पाठवला, तर तो त्याच बोर्डावर, थंड बूट करून तपासा आणि मगच स्वतःच्या नावाने टेस्टेड-बाय (मी तपासलं, अशी नोंद) द्या.