‘आमच्या टॅक्सवर ते जगतात’ असा तक्ता आला तर तो कसा तपासायचा

नाशकात आता घरटी नाही तरी गल्लीत एक तरी माणूस अमेरिकेत आहेच, त्यामुळे तिकडची इलेक्शन आली की इकडच्या फॅमिली ग्रुपवर तो तक्ता फिरायला लागतो. अमुक राज्य केंद्राला एक डॉलर देतं आणि साठेक सेंट परत घेतं, तमुक राज्य एक देऊन दोन ओढतं, आणि खाली ठोकून दिलेलं असतं की निळी राज्यं कमावतात आणि लाल राज्यं बसून खातात. निळं म्हणजे डेमोक्रॅट, लाल म्हणजे रिपब्लिकन. हे आधी डोक्यात पक्कं करून घ्या, कारण आपल्याला लाल म्हटलं की २०१८ साली नाशकातल्या सीबीएसवरून (मध्यवर्ती बस स्टँड) लाल झेंडे घेऊन निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च आठवतो आणि मग सगळंच उलटं वाचलं जातं.

तर पहिलं काम, तक्त्यावर वर्ष शोधा. वर्ष नसेल तर पाठवणाऱ्याला विचारा, त्यालाही माहीत नसेल तर तक्ता तिथेच सोडा. जास्त फिरलेला तक्ता टॅक्स फाउंडेशन या टॅक्सचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन संस्थेचा, २००५ चा आहे, त्यात न्यू जर्सीला डॉलरमागे ६१ सेंट आणि न्यू मेक्सिकोला २ डॉलर ३ सेंट. आकडे खरे आहेत पण वीस वर्षं जुने. नवीन पाहिजेत तर न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूट या अभ्यास संस्थेचे याच विषयावरचे रिपोर्ट काढा, पण त्यातलंही २०२० आणि २०२१ बाजूला ठेवा, कारण कोविडच्या मदतीचा पैसा एवढा वाटला गेला की बहुतेक राज्यं ‘घेणारी’च दिसतात.

दुसरं, उधारी. हे कोणीच बघत नाही आणि खरी गंमत इथेच आहे. २०२४ च्या आर्थिक वर्षात अमेरिकन केंद्र सरकारने सुमारे ६.७५ लाख कोटी डॉलर खर्च केले आणि जमा झाले साधारण ४.९ लाख कोटी, बाकीचं कर्ज. म्हणजे भागाकार केला तर अख्ख्या देशालाच एका डॉलरमागे १ डॉलर ३७ सेंटच्या आसपास परत मिळतायत. आता सांगा, एखाद्या राज्याला १ डॉलर २० सेंट मिळाले तर ते खातंय का देतंय? सरासरीच्या खाली आहे ना ते! म्हणून तक्त्यातला आकडा एकशी ताडून बघू नका, त्या वर्षीच्या देशाच्या सरासरीशी ताडा. ही एक गोष्ट केली तरी अर्धी भांडणं मिटतात.

तिसरं, टॅक्स कुठल्या पत्त्यावर धरलाय ते बघा. आयआरएस, म्हणजे तिकडचं इन्कम टॅक्स खातं, राज्यवार वसुली छापतं, पण ती टॅक्स भरणाऱ्याच्या पत्त्यावर धरलेली असते, कंपनीचं काम चार राज्यांत आणि टॅक्स हेड ऑफिसच्या नावावर. आपल्याकडे बघा ना, महिंद्राच्या गाड्या सातपूरला बनतात आणि हेड ऑफिस मुंबईत, ओझरला विमानं एचएएल बनवतं आणि त्याचं मुख्यालय बेंगळुरूला. मग सातपूर-ओझरच्या घामाचा टॅक्स कोणाच्या खात्यात दिसणार? रॉकफेलरवाले टॅक्स शेवटी कोणाच्या खिशातून गेला याचा अंदाज बांधून तो राज्यांत वाटतात, म्हणून तुलनेला तो बरा, आयआरएसचा कच्चा आकडा उचलून सरळ भागाकार करू नका.

मग खर्च फोडा. एक्सेल उघडा, राज्य एका कॉलममध्ये, आणि पुढे चार कॉलम: माणसांना थेट मिळणारा पैसा (पेन्शनसारखी सोशल सिक्युरिटी, म्हाताऱ्यांच्या औषधपाण्याचं मेडिकेअर), राज्य सरकारला ग्रँट, कंत्राटं, आणि केंद्राच्या नोकरदारांचे पगार. सगळं दरडोई घ्या, एकूण घेतलं तर कॅलिफोर्निया आणि टेक्सासच सगळीकडे वर येतात आणि काही कळत नाही.

फोडलं की चित्र बदलतं. एखादा माणूस तीस वर्षं न्यू जर्सीत नोकरी करून टॅक्स भरतो आणि रिटायर होऊन ऊन खायला फ्लोरिडाला जातो, त्याचा टॅक्स निळ्या राज्याच्या नावावर आणि पेन्शन लाल राज्याच्या, माणूस तोच. व्हर्जिनियात पेंटागॉन आणि नॉरफोकचा नौदल तळ, न्यू मेक्सिकोत लॉस अलामॉस आणि सँडियाच्या लॅब, त्यामुळे तिकडे पैसा कंत्राटांतून आणि पगारातून येतो. गरिबांच्या औषधपाण्याच्या मेडिकेडमध्ये केंद्राचा वाटा कमीत कमी ५० टक्के, पण राज्याचं दरडोई उत्पन्न कमी तसा तो वाढतो, मिसिसिपीला ७५ टक्क्यांच्या वर. आणि देणाऱ्या बाजूला इन्कम टॅक्सचे स्लॅब १० पासून ३७ टक्क्यांपर्यंत, म्हणून जिथे मोठ्या पगाराची माणसं जास्त, म्हणजे न्यूयॉर्क, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट, तिथून जास्त जाणारच.

रंगाचा कॉलम सगळ्यात शेवटी टाका, आधी टाकला की डोळा तिथेच अडकतो. आधी दरडोई उत्पन्नावर सॉर्ट करा, मग ६५ च्या वरच्या लोकसंख्येवर, मग रंगावर. न्यू मेक्सिको २००४ ला थोडक्यात बुशकडे गेलं म्हणजे लाल, २००८ पासून २०२४ पर्यंत दर वेळी निळं, व्हर्जिनियाही २००४ ला लाल आणि २००८ पासून निळं. वेस्ट व्हर्जिनिया १९८८ ते १९९६ निळं आणि २००० पासून लाल. मत बदललं म्हणून लॅब कुठे हलली नाही की म्हातारे तरुण झाले नाहीत. गरीब राज्यांत लाल जास्त आहेत हे खरंच आहे, ते नाकारायची गरज नाही, पण पैसा उत्पन्न, वय आणि लष्कर बघून जातो.

एवढं पाठवलं की ग्रुपवर कोणीतरी ‘मग आपल्या महाराष्ट्राचं काय’ म्हणणारच, काका लोकांचा आवडता विषय आहे तो. पद्धत तीच लावा. केंद्राचा टॅक्स राज्यांत कसा वाटायचा ते वित्त आयोग सांगतो, पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ साठी वाटपाच्या टॅक्समधले ४१ टक्के राज्यांना दिले, त्यात महाराष्ट्र ६.३१७ टक्के आणि उत्तर प्रदेश १७.९३९, कारण सूत्रात ४५ टक्के वजन राज्य उत्पन्नात किती मागे आहे यालाच. सेस आणि सरचार्ज (टॅक्सवर लावलेले जादा कर) या वाटपात येतच नाहीत, ते केंद्राकडेच राहतात, यावर राज्यांची ओरड रास्त आहे असं मला वाटतं. पण मुंबईत दिसणारा सगळा टॅक्स महाराष्ट्राने कमावला असं धरू नका, देशभर धंदा करणाऱ्या बँका आणि कंपन्यांची हेड ऑफिसं तिथे आहेत. आणि नाशिकरोडची नोट प्रेस, देवळालीचं स्कूल ऑफ आर्टिलरी, ओझर, इथे केंद्राचा जो पैसा येतो तो या ६.३१७ मध्ये नाही, त्याचा कॉलम वेगळा काढा.