इन्क्लुझिव्ह भाषेसाठी लिंटर लावताय? या चुका टाळा

व्हाइटलिस्ट, ब्लॅकलिस्ट, मास्टर-स्लेव्ह असले शब्द नव्या कोडमध्ये येऊ नयेत म्हणून सीआयमध्ये (नवा कोड आला की तो आपोआप तपासणारी यंत्रणा) वोक किंवा रुबोकॉप असं लिंटर, म्हणजे कोड वाचून खटकणाऱ्या गोष्टी दाखवणारं टूल, लावायचं ठरतं, आणि पहिल्याच दिवशी ते अख्ख्या रेपोवर, म्हणजे प्रोजेक्टच्या सगळ्या कोडवर, सोडून बिल्ड लाल (नापास) केलं जातं. सगळ्यात मोठी चूक हीच. ज्याने एका ओळीचा बग फिक्स केलाय त्याच्यासमोर कुणीतरी कधीकाळी लिहिलेल्या कोडच्या ढीगभर तक्रारी येतात, तो शब्दावर नाही तर टूलवर चिडतो, मग टूलच बंद होतं. आधी फक्त बदललेल्या फाइल्स तपासा, नुसती वॉर्निंग द्या.

उलटा प्रॉब्लेमही येतो, वोकला शब्द सापडतात पण बिल्ड हिरवंच. सेटअप बिघडलेला नसतो, वोक मुद्दामच अडवत नाही, फक्त सांगतं. अडवायचंच असेल तर एक्झिट-वन-ऑन-फेल्युअर हा फ्लॅग (कमांडसोबतचा पर्याय) द्यावा लागतो.

फाइंड-रिप्लेस तर अजिबात मारू नका! व्हेरिएबलचं नाव तुमचं असतं, पण बाहेरच्या एपीआयची (दुसऱ्या सॉफ्टवेअरशी बोलायच्या इंटरफेसची) की किंवा डेटाबेसची कमांड तुमची नसते. मायएसक्यूएल या डेटाबेसचंच बघा, 'शो रेप्लिका स्टेटस' व्हर्जन 8.0.22 पासून आलं आणि 8.4 मध्ये 'शो स्लेव्ह स्टेटस' काढूनच टाकलं, म्हणजे स्क्रिप्टमध्ये शब्द बदलण्याआधी सर्व्हरचं व्हर्जन बघायलाच हवं. रेडिस या डेटाबेसने व्हर्जन 5 मध्ये 'रेप्लिकाऑफ' आणलं पण जुनी कमांडही चालू ठेवली, मला हीच पद्धत पटते. लिनक्स कर्नलचा 2020 चा नियमसुद्धा नव्या वापरापुरताच आहे, जुन्या एबीआयला (प्रोग्राम कर्नलशी ज्या ठरलेल्या पद्धतीने बोलतात ती) आणि ठरलेल्या प्रोटोकॉलला सूट आहे.

वोकमध्ये स्वतःचा नियम लिहून त्यात नुसतं 'मास्टर' टाकलंत तर वेबमास्टरसुद्धा पकडला जातो, वर्ड बाउंड्री (पूर्ण शब्द जुळला तरच पकडायचा पर्याय) ऑन करा. आणि अ‍ॅलेक्स हे टूल मार्कडाउन, डॉक्स वगैरेसाठी आहे, कोडवर चालवून वैतागू नका.

मेसेजमध्ये नुसतं 'हा शब्द चालत नाही' लिहिलं तर समोरच्याला ओरडा बसल्यासारखं वाटतं. पर्याय द्या, अलाउलिस्ट, डिनायलिस्ट, प्रायमरी-रेप्लिका, आणि कारणही द्या की पांढरं म्हणजे चांगलं, काळं म्हणजे वाईट असं आपण नकळत नावांमध्ये पेरत असतो, आणि गुलामी हा कुणाच्यातरी पूर्वजांनी खरोखर भोगलेला छळ आहे. एवढं वाचलं की बरेच जण स्वतःहून बदलतात.

कुठे इग्नोर (हा शब्द इथे सोडून दे असं टूलला सांगणारी खूण) टाकावाच लागला तर शेजारी कारण लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी तो काढायचा की ठेवायचा हे कुणालाच सांगता येत नाही.