गोचीड काढायची कशी

पावसाळा सरत आला की इंदूरची मंडळी तिंछा, चोरल, पातालपाणी गाठतात. गवतावर चादर अंथरून दाल-बाफल्यांचा बेत होतो आणि रात्री अंघोळीला गेल्यावर कुणाच्या तरी कमरेपाशी तिळाएवढा काळा ठिपका सापडतो. नखाने खरवडला तरी निघत नाही. नीट निरखलं तर पाय वळवळताना दिसतात. चावल्याचं कळलेलंच नसतं, कारण गोचिडीच्या लाळेत कातडी बधिर करणारे घटक असतात.

मग घरात सल्ले सुरू होतात: घासलेट लाव, उदबत्तीचा चटका दे, व्हॅसलिन थाप. यातलं काहीही करू नका. गोचिडीच्या तोंडाला उलटे काटे असतात आणि अनेक जातींची लाळ सिमेंटासारखी घट्ट होऊन तोंड कातडीत पक्कं बसवते. चटका दिला म्हणून ती पटकन सुटत नाही. उलट तिच्या पोटातला ऐवज जखमेत ओकला जायची भीती असते. जितका वेळ ती चिकटून राहील तितका रोगजंतू शिरायचा धोका वाढतो, त्यामुळे सकाळी बघू म्हणूनही थांबू नका.

बारीक, टोकदार चिमटा घ्या. भुवया कोरायचा रुंद तोंडाचा चिमटा गोचिडीचं पोट दाबतो, तो नको. चांगला उजेड घ्या, भोवतीचे केस बाजूला करा. चिमट्याची टोकं कातडीला अगदी टेकवून गोचिडीला तोंडापाशी धरा, फुगलेल्या अंगाला नाही. आता सरळ वर, एकसारखा जोर लावून ओढा. कातडी तंबूसारखी वर उचलली जाईल. तिथेच घाबरून झटका दिला किंवा पिळलं, की तोंड तुटून आत राहतं. जोर तसाच धरून ठेवा, काही क्षणांत ती सुटून येते. तोंडाचा तुकडा राहिलाच तर चिमट्याने सहज निघाला तर काढा, नाहीतर सोडून द्या. सुईने कोरत बसलात तर जखम पिकेल. तुकडा कातडी आपोआप बाहेर टाकते. चिमटा नसेल तर बोटांवर कागदी रुमाल घेऊन असंच करा.

जागा आणि हात साबणाने धुवा, वर स्पिरिट लावा. गोचीड नखावर चिरडायची जुनी सवय मात्र सोडा. तिच्या रक्तातून क्रिमियन-काँगो या रक्तस्रावी तापाचा विषाणू लागू शकतो. 2011 मध्ये गुजरातमधल्या साणंद तालुक्यात हा ताप आढळला होता. काढलेली गोचीड स्पिरिटच्या छोट्या बाटलीत टाका, बाटलीवर तारीख लिहा.

चावली म्हणून आपल्या मनाने अँटिबायोटिक घेऊ नका. महिनाभर लक्ष ठेवा. ताप, जबर डोकेदुखी, अंगदुखी, किंवा मनगट, घोटे, तळहात-तळपायांवर पुरळ आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, आणि गोचीड कधी, कुठल्या रानात चिकटली ते न विचारता सांगा. गोचिडीच्या टायफसवर, म्हणजे तिच्या चाव्यातून होणाऱ्या तापावर, डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक चांगलं लागू पडतं, पण ते वेळेवर सुरू व्हायला हवं. मोसमी ताप समजून चार दिवस पॅरासिटॅमॉलवर काढणं, इथेच बहुतेक घोळ होतो. कुलदैवताला कोकण-गोव्याकडे जाऊन आला असाल तर तेही सांगा; सिंधुदुर्गात दोडामार्गकडे माकडताप आढळला आहे आणि त्याचा विषाणूही गोचिडीच पसरवतात.

आता मुळात ती चिकटू नये म्हणून. गोचीड उडत नाही, उडीही मारत नाही. गवताच्या टोकावर चढून पुढचे पाय पसरून बसते आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब हेरून जवळून जाणाऱ्याला पकडते. म्हणून पायवाटेच्या मधून चाला, गुरं बसतात त्या झाडाखाली बैठक मांडू नका. फिक्या रंगाची पँट घालून तिचे पाय मोज्यांत खोचा. दिसायला बावळट दिसतं, पण चढणारी गोचीड वरून दिसते. 20 ते 30 टक्के डीट (किडे दूर ठेवणारं रसायन) असलेलं औषध उघड्या अंगाला लावा. सनस्क्रीन लावत असाल तर ते आधी. परमेथ्रिन हे कीटकनाशक 0.5 टक्क्यांचं, फक्त कपडे आणि बुटांवर मारायचं आणि वाळू द्यायचं. खरुजेचं 5 टक्क्यांचं मलम वेगळं, ते कपड्यांना चोपडू नका. घरात मांजर असेल तर ओला फवारा तिच्यापासून दूर ठेवा, तिला तो विषारी आहे.

घरी आल्यावर दोन तासांच्या आत अंघोळ करा आणि कानामागे, केसांच्या कडेला, काखेत, बेंबीत, इलास्टिकच्या रेषेत, जांघेत, गुडघ्यामागे बोटं फिरवा. पायावर मोहरीहून बारीक पिल्लांचा पुंजका दिसला तर त्यावर चिकटपट्टी दाबून उचला, एकेक वेचत बसू नका. कपडे कढत पाण्यात धुवा. कुत्रा सोबत नेला असेल तर त्याच्या कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत बघा. कुत्र्याची तपकिरी गोचीड घरातच वाढते: पोट भरलं की गळून पडते आणि भिंतीच्या फटीत हजारोंनी अंडी घालते. तेव्हा कुत्र्याला जनावरांच्या डॉक्टरांकडून औषध द्या, आणि त्याच्या बसण्याच्या जागेभोवतीच्या फटी सिमेंटने बुजवा.